सुटी मिळाली, ती घालवायची कोठे?

नवी दिनदर्शिका हाती पडली की नोकरदार माणूस प्रथम लाल आकडे चाळतो, आणि त्यांतला एखादा रविवारी पडलेला दिसला की सुटी बुडाल्याची हळहळ व्यक्त करतो. २०२४ सालच्या दिवाळीने अशा हळहळीला पुरेपूर वाव दिला होता. लक्ष्मीपूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबरला झाले. पाडवा शनिवारी आला आणि भाऊबीज रविवारी. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झालेला असल्यामुळे तेथील कारकुनाच्या हिशेबी हे दोन्ही दिवस आधीच मोकळे होते. सणाने त्याला नवे काही दिले नाही. बँकांतील मंडळी मात्र थोडी सुखात होती. त्यांना २०१५ पासून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार मिळतो. हा शनिवार पहिला होता, त्यामुळे पाडव्याची सुटी त्यांच्या पदरात पूर्ण पडली. सणाचा असा ताळेबंद मांडण्यात विनोद आहे खरा, पण तो मांडणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यामागची भावना खोटी नाही. वर्षभर घड्याळाच्या काट्याला बांधलेल्या माणसाला मोकळ्या दिवसाचे मोल इतरांपेक्षा अधिक कळते.

तरीही या हिशेबात एक चूक आहे. सुटी म्हणजे केवळ कामावर न जाण्याचा दिवस, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात सणाच्या शनिवार-रविवारी मुंबईसारख्या शहरात जे घडते, त्याची गोडी सर्वांना एकाच वेळी सुटी असण्यात असते. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी रजा टाकून घरी बसलेला माणूस विश्रांती घेतो. सण साजरा करीत नाही. कारण त्या दिवशी मित्र कचेरीत असतो, मुले शाळेत असतात, बहीण आपल्या कामावर असते. अर्थशास्त्रात काही वस्तूंची उपयुक्तता त्या किती जणांपाशी आहेत यावर ठरते, असे शिकवतात आणि त्यासाठी टेलिफोनचे उदाहरण देतात. सुटीचे उदाहरण अधिक चांगले आहे.

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर गणेश मंदिराच्या आसपास जी तरुणाई लोटते, तिला कोणी निमंत्रण देत नाही आणि तिकीटही लावत नाही. नवे कपडे घालून चालत जायचे, जुन्या शाळेतील मित्र भेटले की थांबायचे, पुन्हा चालायचे, एवढाच कार्यक्रम. माहीमच्या कंदील गल्लीत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्यांतले निम्मे लोक कंदील विकत घेण्यासाठी आलेले नसतात, पाहण्यासाठी आलेले असतात, आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक असते. दादरला स्थानकाच्या बाहेर झेंडूच्या राशींतून वाट काढीत रानडे रस्त्याला लागावे, कोठे उटणे, कोठे पणत्या, कोठे रांगोळीचे रंग घ्यावे, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पिशव्यांचे ओझे क्षणभर खाली ठेवावे आणि समोरच्या मैदानावर कोणाच्या तरी क्रिकेटचा निकाल लागेपर्यंत उठू नये, हा अनेक कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. घरी परतल्यावर दिवाळी अंक असतात. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शतक उलटून गेले. अंकांच्या किमती आता एका पगारदाराला चारपाचांपेक्षा अधिक घेऊ देत नाहीत. त्यावर कचेऱ्यांनी आणि शिक्षकांच्या खोल्यांनी आपला उपाय शोधलेला आहे. वर्गणी काढून पंधरावीस अंक घ्यायचे आणि मार्चपर्यंत फिरवायचे. सहकाराची इतकी निर्मळ उदाहरणे सहकारी चळवळीतही थोडीच सापडतील.

भाऊबीजेचा रविवार तर पाहण्यासारखा असतो. एरवी मुंबईची वाहतूक सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे, अशी भरती-ओहोटीप्रमाणे वाहते. भाऊबीजेला ती दोन्ही दिशांनी एकदमच भरून येते. गिरगावचा भाऊ कल्याणकडे निघालेला असतो, कांजूरमार्गची बहीण फराळाचा डबा सांभाळीत परळला चाललेली असते, आणि डब्यात उभे राहायला जागा नसली तरी रोजची वैतागलेली धक्काबुक्की त्या दिवशी काहीशी सौम्य होते. दुर्दैवाने रेल्वेच्या लेखी तो रविवारच असतो. देखभालीसाठी घ्यायचा मेगाब्लॉक सणाला बहुधा रद्द होतो. गाड्या मात्र अनेकदा रविवारच्या वेळापत्रकानेच, म्हणजे रोजच्यापेक्षा कमी, धावतात. बेस्ट त्या दिवशी जादा गाड्या सोडते हे तिच्या बाजूने नोंदले पाहिजे. परंतु तिच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या वर्षानुवर्षे घटत गेल्या आहेत आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. चौघांच्या कुटुंबाला दोनदा बस बदलावी लागली तर हा फरक जाणवतो.

या सगळ्या आनंदाचा खर्च किती, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे तिकीट पाच रुपयांपासून सुरू होते. ज्याच्या खिशात महिन्याचा पास आहे, त्याला त्या मार्गावर रविवारचा प्रवास फुकटच पडतो. मरीन ड्राइव्हच्या साडेतीन किलोमीटरच्या कट्ट्यावर बसायला काही पडत नाही. चौपाटीवर भेळ घेतली तर पैसे, वाळू मात्र विनामूल्य. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिकेने २०१७ मध्ये प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपये केले तेव्हा ओरड झाली. त्यात तथ्यही होते. पण त्याच वेळी आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी शंभर रुपयांचे एकत्र तिकीट ठेवले गेले, हे विसरता येत नाही. मोठ्या पडद्याच्या चित्रपटगृहात एका माणसाच्या तिकिटाला त्याहून अधिक मोजावे लागतात आणि तेथे पेंग्विन नसतात.

आता गंमत अशी की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत मरीन ड्राइव्हवरची ही संध्याकाळ कोठेच येत नाही. वातानुकूलित दुकानसंकुलातील दोनशे रुपयांची कॉफी येते. म्हणून जेव्हा सणाच्या दिवसांत बाजारात अमुक हजार कोटींची उलाढाल झाल्याच्या बातम्या छापून येतात, तेव्हा त्यांवरून शहराने किती आनंद उपभोगला याचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. उलाढाल वाढली याचा एक अर्थ लोकांपाशी पैसा अधिक आला असा होतो. दुसरा अर्थ असाही होऊ शकतो की, पूर्वी जे फुकट मिळत होते ते आता विकत घ्यावे लागते. मुंबईच्या बाबतीत हा दुसरा अर्थ नजरेआड करून चालणार नाही, आणि त्याचे कारण या शहराच्या इतिहासातच आहे.

रविवारची सुटी मुंबईकरांना कोणी सणाची भेट म्हणून दिलेली नाही. एकोणिसाव्या शतकातील गिरणी कामगाराला आठवड्याची निश्चित सुटी नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यातील पहिली मागणी रविवारच्या सुटीची होती. मालकांनी ती सहा वर्षे टोलवली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत कामगार स्त्रियाही बोलल्या, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटीचे तत्त्व आले. मंत्रालयातील कारकून, महाविद्यालयातील प्राध्यापक आणि शाळेतील विद्यार्थी आज ज्या दिवशी उशिरा उठतात, तो दिवस गिरणगावाने मिळवलेला आहे.

त्या गिरणगावाचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे, पण सुटीच्या संदर्भात ते क्वचितच आठवले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. अशी संधी जुन्या शहराला शतकातून एकदा येते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची वाटणीही ठरवली होती : पुनर्विकासाला काढलेल्या जमिनीपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडाही सुचवला. त्यानंतर २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता जी आधीच मोकळी आहे तिचीच करायची, असा तिचा आशय. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती केवढी असणार? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये महापालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. सहाशे एकरांतील एक तृतीयांश म्हणजे दोनशे एकर. शिवाजी पार्क अठ्ठावीस एकरांचे आहे. सात शिवाजी पार्क शहराच्या हातून एका शब्दाच्या बदलाने निसटली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

त्या जागांवर मनोरे उभे राहिले, कचेऱ्या आल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी दुकानसंकुल आले. ज्याच्या आजोबाने त्या परिसरातल्या एखाद्या खात्यात साचा चालवला आणि रविवारसाठी सभा गाजवल्या, त्याचा नातू दिवाळीच्या शनिवारी तेथेच सरकत्या जिन्यावरून मुलांना वर-खाली नेतो. यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. दुकानसंकुलांना नाके मुरडणे सुशिक्षितांना सोपे जाते. परंतु लोक तेथे का जातात याचे उत्तर महापालिकेने एकदा शांतपणे लिहून काढावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात तेथे गारवा असतो. वृद्धाला बसायला जागा मिळते. स्त्रियांना रात्री दहा वाजताही सुरक्षित वाटते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे स्वच्छतागृहे असतात व ती खरोखर स्वच्छ असतात. चौपाटीवर चार वर्षांच्या मुलीला घेऊन गेलेल्या आईला या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व कोणी समजावून सांगायला नको. शिवाय संकुलात शिरायलाही पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते तेथे थांबायला. मूल खेळण्याच्या दुकानापुढे अडून बसले की बापाला ते कळते.

मोकळ्या जागेच्या बाबतीत मुंबई किती दरिद्री आहे, याचा आकडा विकास आराखडा २०३४ च्या तयारीच्या वेळी पुढे आला. माणशी सुमारे सव्वा चौरस मीटर. एक सतरंजी अंथरली की एका माणसाचा वाटा संपला. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे आहे हे खरे, पण जंगल हे काही मैदान नव्हे, आणि परळच्या माणसाला बोरिवली हा दिवसभराचा बेत होतो. म्हणून सणाच्या दोन दिवसांत त्याच त्या चारसहा ठिकाणी सारे शहर लोटते. या गर्दीला मुंबईकरांच्या हौसेचे माप समजण्याची प्रथा पडली आहे. ते जागांच्या टंचाईचेही माप आहे.

जागेबरोबर वेळही आक्रसला आहे. १९४८ च्या कायद्यानुसार दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावाच लागे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुटी मात्र आळीपाळीने द्यावयाची. सोय म्हणून पाहता यात गैर काही नाही. रविवारीच मोकळा होणाऱ्या ग्राहकाला रविवारीच दुकान उघडे हवे असते, आणि रविवारी काम मिळाल्यामुळे काही तरुणांच्या घरात पगार येतो. पण कपड्यांच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलीची सुटी मंगळवारी येते. तिच्या भावाची रविवारी. दिवाळीच्या शनिवारी तर तिला रजा मागण्याचीही सोय नसते, कारण तो तिच्या मालकाचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. घरोघर सामान पोचवणाऱ्या मुलांची तऱ्हा याहून वेगळी. त्यांना सणाच्या रात्री फेऱ्या अधिक मिळतात आणि तेच त्यांचे आमिष असते. लोखंडे यांच्या काळात मागणी सुटीची होती, हे खरे; पण ती रविवारची होती हेही तितकेच खरे आहे. सर्वांनी एकाच दिवशी मोकळे व्हावे, घरच्या माणसांना भेटावे, समाजाच्या कामाला वेळ द्यावा, ही त्यामागची दृष्टी. कायद्याने दिवस मोजून दिला आणि तो दिवस इतरांबरोबर घालवण्याचा हक्क हळूच काढून घेतला. रेल्वेचे मोटरमन, बेस्टचे चालक, परिचारिका, फटाक्यांचा कागद झाडून काढणारे सफाई कामगार यांना सणाला काम करावेच लागते. शहराची ती गरज आहे. साडीचे दुकान पाडव्याच्या दुपारी चार तास बंद राहिले तर कोणते संकट ओढवेल, याचा विचार व्यापारी संघटनांनी करून पाहण्यासारखा आहे.

पूर्वीची मुंबई सारीच सुंदर होती असा सूर लावण्यात अर्थ नाही. नव्या काही गोष्टी चांगल्या झाल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाली, तेव्हा दिवाळी अगदी तोंडावर होती. उपनगरातील कुटुंबाला घाम न गाळता गिरगावात उतरता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. तिचे भाडे लोकलच्या कित्येक पट आहे, हेही त्याबरोबर सांगायला हवे. किनारी रस्त्यालगतचा समुद्राकाठचा पदपथ ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला. शहराला नवा कट्टा मिळाला, याचे स्वागतच केले पाहिजे.

खरी कसोटी मात्र महालक्ष्मीला आहे. ज्या रेसकोर्सवर १८९० साली रविवारसाठी सभा भरली, त्याच्या सुमारे २११ एकर जागेपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. उरलेली ९१ एकर शर्यतींच्या क्लबकडे भाडेपट्ट्याने राहणार आहे. किनारी रस्त्याच्या भरावावरील जमीन तिला जोडून जवळजवळ तीनशे एकरांचे उद्यान करण्याची योजना पालिकेने जाहीर केली आहे. गिरण्यांच्या जमिनीत जे गमावले, त्याची थोडी भरपाई होण्याची ही शेवटची मोठी संधी. म्हणूनच या उद्यानाच्या आराखड्याकडे कारंजी आणि रोषणाई यांच्या पलीकडे जाऊन पाहिले पाहिजे. प्रवेशाला शुल्क आहे काय? महालक्ष्मी स्थानकावर उतरून मुलाचा हात धरून चालत येणाऱ्याला रस्ता सलग मिळतो की त्याला मोटारींच्या रांगा ओलांडाव्या लागतात? बस दारापर्यंत येते काय? मोटारींच्या तळाला जेवढी जागा दाखवली आहे, तेवढी स्वच्छतागृहांना दाखवली आहे काय? हिरवळीवर बसू देणार, की हिरवळीभोवती साखळी आणि पाटी? मैदान म्हणून किती भाग मोकळा सोडणार, आणि तो पाच वर्षांनी एखाद्या सभागृहासाठी किंवा प्रदर्शनासाठी उचलला जाणार नाही याची तरतूद कोठे लिहिली आहे? २००१ साली एका शब्दाने काय केले ते पाहिल्यावर हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी संशयी म्हणू नये.

वेळेचाही प्रश्न आहे. राणीची बाग संध्याकाळी बंद होते. तेथे प्राण्यांची झोप आड येते, म्हणून ते समजण्यासारखे आहे. नव्या उद्यानात तशी अडचण नाही. दिवाळीच्या शनिवारी दिवे लागतात सातला, आणि साडीच्या दुकानातील ती मुलगी सुटते साडेनऊला. उद्यानाचा दरवाजा निदान सणाच्या चार रात्री अकरापर्यंत उघडा राहील, आणि त्या वेळी तेथून स्थानकाकडे जाणारी एक बस असेल, एवढे आराखड्यात आताच लिहून घेता येईल.